रक्त कमी, पण कशामुळे?
गिरणगाव ते नईम : रक्तक्षयाच्या शोधाची हकिगत



‘अंगात रक्त कमी आहे’ हे वाक्य आपल्या घरांत इतके रुळले आहे की ते ऐकून कोणी दचकत नाही. बाळंतीण फिकट दिसली, वाढत्या वयाची मुलगी जिना चढताना धापा टाकू लागली, आजोबांना बसल्या जागी चक्कर आली, की निदान घरच्या घरीच होते. उपायही ठरलेला असतो. मुंबईहून येणाऱ्या कोणाकडून तरी लोहाचे टॉनिक मागवायचे, बीट आणायचे, गूळ-शेंगदाण्याचे लाडू वळायचे. पुष्कळदा गुण येतो. पण काही वेळा सहा-सहा महिने गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिनचा आकडा हलत नाही. मग औषध बदलते, डॉक्टर बदलतात, आणि शेवटी ‘आमच्या घराण्यातच रक्त कमी’ असे म्हणून विषय मिटवला जातो.

गंमत अशी की हे शेवटचे वाक्य कधी कधी अगदी शब्दशः खरे असते, आणि तेच कोणी तपासून पाहत नाही.

रक्तक्षय, म्हणजे ॲनिमिया, हे एका रोगाचे नाव नाही. ताप हे जसे लक्षण, तसेच हेही लक्षण. तापाला एकच गोळी पुरत नाही हे आपल्याला पटलेले आहे. रक्ताच्या बाबतीत मात्र अजून पटायचे आहे. हे जगाला ज्या शोधांमुळे कळले, त्यांतला एक महत्त्वाचा शोध आपल्या परळला लागला, आणि त्याचा एक धागा आपण राहतो त्या बहारीनवरूनही गेला आहे. म्हणून या अंकात ही हकिगत सांगायचे आम्ही ठरवले.

लोहाची जुनी ओळख

आधी थोडे मूळचे. आपल्या रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. रोज काही जुन्या पेशी मोडतात आणि हाडांच्या मगजात तेवढ्याच नव्या तयार होतात. हा जमाखर्च तीन प्रकारे बिघडू शकतो. कच्चा माल अपुरा पडला किंवा कारखाना मंदावला, तर पेशी कमी बनतात. कुठून तरी रक्त झिरपत राहिले, तर बनलेल्या पेशी वाया जातात. आणि पेशी मुळातच कमकुवत असल्या, तर त्या मुदतीआधी फुटतात. रक्तक्षयाचे जेवढे म्हणून प्रकार आहेत, ते या तीन खात्यांत बसतात.

पहिल्या दोन खात्यांची ओळख माणसाला फार जुनी. चरकसंहितेत पांडुरोगाचे वेगळे प्रकरण आहे आणि त्यात नवायस चूर्ण, मंडूर असे लोहाचे कल्प सांगितले आहेत. युरोपात तरुण मुलींच्या फिकटपणाला ‘हरित रोग’ म्हणत. त्यावर १८३२ साली ब्लो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने लोहाच्या गोळ्या दिल्या आणि त्या पुढे शंभर वर्षे खपत राहिल्या. त्या खपल्या, कारण त्यांनी गुण येत होता. शरीरात सगळे मिळून जेमतेम तीन-चार ग्रॅम लोह असते, आणि त्यातले दोनतृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये अडकलेले. बाईची दरमहाची पाळी, एकामागून एक बाळंतपणे, मुलांची झपाट्याने होणारी वाढ, यांत हा साठा लवकर आटतो. आजही जगात सर्वांत जास्त आढळणारा रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचाच आहे. भारतात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, आणि महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून अधिक निघाले. यात लोहाचा वाटा मोठा आहे.

कोकणातल्या, दमट मुलखातल्या माणसाला आणखी एक कारण ठाऊक असायला हवे. अनवाणी चालणाऱ्याच्या पायाच्या कातडीतून अंकुशकृमी शिरतो, आतड्याला चिकटतो आणि थेंबाथेंबाने रक्त पितो. आल्प्स पर्वतात गोटहार्ड बोगदा खणणारे मजूर १८८० च्या सुमारास मोठ्या संख्येने पांढरेफटक पडले, तेव्हा या जंताकडे युरोपचे लक्ष वेधले गेले. अशा रोग्याला नुसते लोह देणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणे. आधी जंत काढावा लागतो.

इथपर्यंतची समजूत अशी होती की रक्त कमी म्हणजे लोह कमी. कशाने कमी, एवढाच प्रश्न.

गिरणगावातल्या बाळंतिणी

ही समजूत अपुरी आहे याचा मोठा पुरावा मुंबईत मिळाला. १९२० च्या दशकात मुंबईत गरोदरपणी स्त्रिया फार मोठ्या संख्येने दगावत. त्यांतल्या पुष्कळजणींना तीव्र रक्तक्षय असे. भारतात स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेत हयात घालवलेल्या डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्यांच्या आग्रहावरून लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधल्या डॉ. ल्यूसी विल्स १९२८ साली मुंबईला आल्या. त्या वेळी त्यांचे वय चाळीस. कामाची जागा होती परळची हाफकिन संस्था.

तो काळ डोळ्यांपुढे आणला पाहिजे. १९२८ सालीच मुंबईच्या कापड गिरण्यांचा प्रचंड संप झाला. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्यांचे भोंगे थंड होते. त्याच वर्षी मुंबईच्या कायदे मंडळात गिरणी कामगार स्त्रियांना बाळंतपणाची पगारी रजा मिळावी असे विधेयक आले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. १९२९ साली तो कायदा झाला. गिरणीतल्या बाईचे बाळंतपण हा तेव्हा सभागृहातही चर्चेचा विषय होता आणि प्रयोगशाळेतही.

विल्सबाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली या स्त्रियांचे रक्त पाहिले. लोह कमी असेल तर तांबड्या पेशी लहान आणि फिकट दिसतात. इथे उलट होते. पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने वाजवीपेक्षा मोठ्या. अशा मोठ्या पेशींचा एक रक्तक्षय युरोप-अमेरिकेत माहीत होता. त्याला ‘घातक रक्तक्षय’ म्हणत, कारण रोगी हमखास मरत असे. १९२६ साली बॉस्टनच्या मायनो आणि मर्फी यांनी त्या रोग्यांना रोज भरपूर यकृत, म्हणजे कलेजी, खायला घालून ते बरे होतात हे दाखवले होते. मुंबईचा रोग त्याच जातीचा दिसे, पण पुरता तसा नव्हता. युरोपातला रोग म्हातारपणी होई, मज्जातंतूंवर घाला घाली. मुंबईत तो ऐन विशी-तिशीतल्या गरोदर बायांना होत होता आणि त्यांचे मज्जातंतू शाबूत असत.

मग विल्सबाईंनी त्यांच्या ताटात काय पडते ते पाहिले. या कामाच्या शोधनिबंधांवर त्यांच्या जोडीला मेहता आणि तळपदे ही आपल्याकडची नावे आहेत. वेगवेगळ्या थरांतल्या स्त्रियांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी झाली. ज्यांच्या जेवणात पालेभाजी, फळे आणि प्रथिने यांची सर्वांत जास्त वाण, त्यांच्यातच हा रोग सर्वांत जास्त. गरीब मुसलमान वस्तीतल्या स्त्रियांचे हाल सर्वांत वाईट निघाले. रोग कुठल्या जंतूचा नाही, तो ताटातल्या कशाच्या तरी अभावाचा आहे, हा संशय बळावला.

ते ‘कशाच्या तरी’ म्हणजे काय हे शोधायला पुढे कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत प्रयोग झाले. उंदरांना मुंबईच्या गरीब स्त्रियांसारखे अन्न दिले, तर गाभण उंदरीणी फिकट पडून मेल्या. त्याच अन्नात यीस्ट मिसळले तर जगल्या. पण उंदरांच्या अंगावर उवा निघाल्या आणि त्यांच्यामुळेही रक्तावर परिणाम झाला असेल अशी शंका राहिली. तेव्हा तोच प्रयोग माकडांवर पुन्हा करण्यात आला. अ जीवनसत्त्व देऊन पाहिले, क देऊन पाहिले, गुण नाही. यीस्टच्या अर्काने मात्र माकडांचे रक्त सुधारले. हा अर्क म्हणजे इंग्लंडात पावाला लावून खातात तो काळा, खारट मार्माइट. बियर गाळल्यावर उरलेल्या यीस्टपासून तो बनवतात, आणि तो स्वस्त होता.

नंतर तोच मार्माइट रोगी स्त्रियांना दिला. चार-पाच दिवसांत नव्या पेशी दिसू लागत, भूक परत येई, आणि काही आठवड्यांत रक्त सावरे. हे निष्कर्ष १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले. औषधाचे नाव अजून कोणालाच माहीत नव्हते. यीस्टमध्ये आहे, कलेजीत आहे, एवढेच कळले होते. पुढे त्याला ‘विल्स घटक’ असेच म्हणू लागले.

बहारीनवरून गेलेले विमान

विल्सबाई १९३३ पासून लंडनला स्थिर झाल्या, पण मुंबईचे काम त्यांनी सोडले नाही. नोव्हेंबर १९३७ मध्ये त्या दहा आठवड्यांसाठी पुन्हा हाफकिन संस्थेत आल्या, आणि या खेपेला प्रथमच विमानाने. इंपीरियल एअरवेजचे ‘कॅलिप्सो’ नावाचे पाण्यावर उतरणारे विमान साउदॅम्प्टनहून निघाले. रोम, अथेन्स, अलेक्झांड्रिया करत ते बसऱ्याला आले, आणि तिथून बहारीन, दुबई, ग्वादर असे टप्पे घेत पाचव्या दिवशी कराचीला पोचले. पुढे मुंबई.

आज आपण चार तासांत मुंबई गाठतो आणि तरी कंटाळतो. त्या बाई इथल्या समुद्रावर उतरल्या तेव्हा तेल सापडून पाचच वर्षे झाली होती. नईमच्या किनाऱ्यावर मलबारातून आणलेल्या लाकडाच्या नौका बांधल्या जात. मुंबईच्या बाळंतिणींसाठी निघालेली बाई या बेटावर घटकाभर थांबून पुढे गेली.

त्याच वर्षी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक महत्त्वाची गोष्ट मांडली. घातक रक्तक्षयावर चालणारा, खूप शुद्ध केलेला यकृताचा अर्क मुंबईच्या प्रकारावर चालत नाही. कच्चा अर्क चालतो. म्हणजे शुद्ध करताना काही तरी निघून जाते. म्हणजेच कलेजीत रक्त बनवणारे घटक एक नव्हे, दोन आहेत. सारखे दिसणारे दोन रोग, आणि त्यांची औषधे दोन.

१९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक आम्ल वेगळे काढण्यात आले. पान म्हणजे लॅटिनमध्ये ‘फोलियम’, म्हणून त्याचे नाव फोलिक आम्ल. १९४५ पर्यंत ते प्रयोगशाळेत बनू लागले. तोच विल्स घटक. दुसरा घटक १९४८ साली हाती लागला आणि त्याला बी-१२ जीवनसत्त्व म्हणू लागले. ल्यूसी विल्स १९६४ साली वारल्या. १९९१ साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीने दाखवले की दिवस राहण्याआधीपासून फोलिक आम्ल घेतले तर बाळाच्या पाठीच्या कण्यातले जन्मजात व्यंग पुष्कळ अंशी टळते. आता गरोदर बाईला पहिली गोळी मिळते ती हीच. बहारीनने तर २००१ पासून गव्हाच्या पिठातच लोह आणि फोलिक आम्ल घालायला सुरुवात केली. नईमच्या भट्टीतल्या खुब्ज रोटीत परळच्या त्या कामाचा अंश आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

शाकाहारी घराची वेगळी गोष्ट

दोन घटक वेगळे आहेत हे कळले ते बरे झाले, कारण आपल्या लोकांना दुसऱ्याचीच वाण अधिक. बी-१२ हे वनस्पतीत मिळत नाही. मांस, मासे, अंडी यांत असते, आणि दूध-दह्यात थोडे. यकृतात त्याचा साठा काही वर्षे पुरतो, म्हणून कमतरता सावकाश, दबक्या पावलांनी येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे शहर आणि आसपासच्या खेड्यांतील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. २००६ साली ती प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी निघाले. हे सगळे उपाशी लोक नव्हते. वरणभात, भाजीपोळी व्यवस्थित जेवणारे होते.

यात एक फसगत आहे. बी-१२ कमी असताना नुसते फोलिक आम्ल घेतले, तर रक्ताचा आकडा सुधारतो आणि घरात सगळे निर्धास्त होतात. पण मज्जातंतूंची झीज आत चालूच राहते. पायाला मुंग्या, तोल जाणे, विसरभोळेपणा ही तिची चिन्हे, आणि आपण ती वयावर ढकलतो. पुण्याच्याच गटाने १९९३ पासून खेड्यांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. ज्या मातांत फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत मधुमेहाकडे झुकणारी लक्षणे अधिक दिसली. मधुमेहावर वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही बी-१२ घटते. आखातात आल्यावर आपल्यात मधुमेही किती झाले ते आम्ही सांगायला नको. शाकाहारी आणि मेटफॉर्मिनवर असलेल्या गृहस्थांनी वर्षातून एकदा बी-१२ मोजून घ्यायला हरकत नसावी.

दोन किनाऱ्यांचा एक वारसा

आता तिसरे खाते, मुदतीआधी फुटणाऱ्या पेशींचे. हे समजायला बहारीनसारखी जागा नाही.

सलमानिया रुग्णालय उभे राहण्यापूर्वी इथले सरकारी रुग्णालय नईममध्येच होते, आणि आजही नईमच्या आरोग्य केंद्रात आपल्यातल्या अनेकांचे रक्त तपासले जाते. आपल्या बाळाची तपासणी करताना ‘सिकल’ आणि ‘जी-सिक्स-पी-डी’ हे शब्द कानावर पडले की आपल्या लोकांना वाटते, हे इथल्या अरबांचे रोग, आपल्याला काय त्याचे. इथेच चूक होते.

सिकल सेल म्हणजे विळ्यासारख्या वाकड्या होणाऱ्या पेशी. १९१० साली शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी एका वेस्ट इंडियन विद्यार्थ्याच्या रक्तात त्या पाहून लिहिले. १९४९ साली पॉलिंग यांनी दाखवले की दोष हिमोग्लोबिनच्याच रेणूत आहे. असा एक जनुक आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आला, तर माणूस वाहक असतो आणि सहसा ठणठणीत राहतो. दोघांकडून आला, तर रोग होतो. पेशी वाकड्या होऊन बारीक वाहिन्यांत अडकतात, हाडे असह्य दुखतात, आणि पेशी लवकर फुटल्याने रक्तक्षय होतो.

मग असला घातक जनुक टिकला कसा? १९५४ साली ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत उत्तर दिले. वाहकाला हिवतापापासून संरक्षण मिळते. जिथे पिढ्यान् पिढ्या हिवताप, तिथे हा जनुक. बहारीनचे हे वर्णन तंतोतंत आहे. आज रुक्ष दिसणाऱ्या या बेटावर गोड्या पाण्याचे झरे, पाट आणि खजुराच्या बागा होत्या, आणि त्यांबरोबर डासही. भारताच्या मलेरिया संस्थेतर्फे अफ्रिदी आणि मजीद यांनी इथल्या हिवतापाची पाहणी करून १९३८ साली अहवाल छापला. हिवताप नंतर हटला, पण जनुक राहिला. १९९० च्या दशकाअखेर इथल्या शाळकरी मुलांची तपासणी झाली, तेव्हा साधारण दर सात मुलांमागे एक सिकलचा वाहक निघाला.

आणि आपल्याकडे? भारतात सिकल सेल प्रथम १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत सापडला. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी नागपूरकडचे रुग्ण जगापुढे मांडले. विदर्भात, नंदुरबारच्या सातपुड्यात, गोंड, माडिया, भिल्ल, पावरा अशा आदिवासींत आणि इतरही काही समाजांत तो आहे. हाही जंगलाचा, हिवतापाचा मुलूख. पुढे १९८६ साली जनुकाच्या आजूबाजूची रचना तपासली गेली, तेव्हा दिसले की पूर्व अरबस्तानातला आणि भारतातला सिकल जनुक एकाच घडणीचा आहे, आफ्रिकेतल्यांहून वेगळा. शास्त्रज्ञ त्या घडणीला ‘अरब-भारतीय’ असेच म्हणतात, आणि बहारीनमधल्या बहुतेक रुग्णांत तीच आढळते. नईमचा आजारी मुलगा आणि गडचिरोलीचा आजारी मुलगा यांच्या रक्तात एकाच दूरच्या पूर्वजाची खूण आहे. व्यापारी गलबतांच्या आणि मोत्यांच्या कथा आपण ऐकतो. हा संबंध त्यांहून जवळचा म्हणायचा.

बहारीनने यावर काय केले हे आपण शिकण्यासारखे आहे. इथे लपवाछपवी न करता मोजणी केली, शाळेत तपासण्या केल्या, आणि २००४ च्या ११ क्रमांकाच्या कायद्याने लग्नापूर्वी तपासणी व सल्ला बंधनकारक केला. लग्न करायचे की नाही हे ठरवणे जोडप्यावरच सोपवले. फक्त अजाणता करू नये इतकेच पाहिले. १९८० च्या दशकाच्या मध्याला इथे जन्मणाऱ्या बाळांत सुमारे दोन टक्के सिकल रुग्ण असत. २०१० पर्यंत ते प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या खाली आले. भारताने सिकल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम २०२३ साली हाती घेतली.

जी-सिक्स-पी-डी हा दुसरा वारसा. या नावाचे विकर कमी असेल, तर एरवी माणूस निरोगी असतो, पण काही विशिष्ट गोष्टींनी तांबड्या पेशी एकाएकी फुटतात. लघवी गडद होते, डोळे पिवळे पडतात. हिवतापावरचे प्रिमाक्विन हे एक कारण. १९५६ साली त्यावरूनच या दोषाचा उलगडा झाला. दुसरे कारण इथल्या न्याहारीत असते. ‘फूल’ म्हणून मिळणारे ते जाड दाण्याचे कडधान्य अशा माणसाने खाऊ नये. आपले वाल-पावटे निराळे, त्यांचे भय नाही. तिसरे कारण मात्र खास आपल्या घरातले आहे : कपड्यांत ठेवतात त्या नॅप्थलीनच्या डांबराच्या गोळ्या. बाळंतविड्याचे कपडे, आजीची जुनी दुपटी ट्रंकेतून काढून थेट तान्ह्याला गुंडाळू नयेत. आधी धुवावीत आणि उन्हात टाकावीत. हा दोष भारतात पुष्कळ समाजांत आहे. मुंबईत तो १९६० च्या दशकात विशेषतः पारशी समाजात अभ्यासला गेला.

लहान पेशींचा घोटाळा

आरंभी ज्या घराचा उल्लेख केला, जिथे गोळ्यांनी आकडा हलत नाही, तिथे पुष्कळदा थॅलेसेमिया मायनर असतो. १९२५ साली डेट्रॉइटच्या डॉ. कूली यांनी या रोगाचे तीव्र रूप वर्णिले. भारतातला पहिला रुग्ण १९३८ साली कलकत्त्याहून नोंदला गेला. मायनर म्हणजे वाहक. त्याच्या पेशी लहान आणि फिकट असतात, अगदी लोह कमी असल्यासारख्या. म्हणून लोह दिले जाते, आणि ते व्यर्थ जाते. फरक असा की लोहाच्या कमतरतेत पेशींची संख्याही घटते, आणि इथे पेशी लहान पण संख्येने भरपूर असतात. हिमोग्लोबिन ए-टू मोजले की उलगडा होतो.

मायनर असणे हा आजार नाही. त्याला औषध नको. पण दोन मायनर एकत्र आले, तर प्रत्येक बाळंतपणी चारांत एक शक्यता असते की मूल मेजर होईल, म्हणजे जन्मभर दर काही आठवड्यांनी त्याला रक्त चढवावे लागेल. सिंधी, लोहाणा, कच्छी समाजांत वाहकांचे प्रमाण जास्त आहे, पण मराठी घरे त्यातून सुटलेली नाहीत. आपली मुले इथे सर्व प्रांतांच्या मुलांबरोबर वाढतात, आपल्या पसंतीने लग्ने ठरवतात, आणि ते चांगलेच आहे. पत्रिका पाहणारी घरे अजून आहेत. पत्रिकेसोबत हा एक कागद पाहिला, तर कोणाचा मान कमी होत नाही. तो कागद पाहून लग्न मोडायचे नसते. दोघेही वाहक निघाले, तर गरोदरपणात वेळीच तपासणी करता येते, एवढ्यासाठी तो हवा.

कागदावर काय पाहावे

रक्ताचा अहवाल हाती आला की आपण फक्त हिमोग्लोबिन पाहतो. साधारणपणे पुरुषांत १३, स्त्रियांत १२ आणि गरोदरपणी ११ च्या खाली आले तर कमी समजतात. पण त्याच कागदावर ‘एमसीव्ही’ नावाचा आकडा असतो. तो पेशीचा आकार सांगतो. विल्सबाईंना जे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पाहावे लागले, ते आता यंत्र छापून देते.

एमसीव्ही ८० च्या खाली, म्हणजे पेशी लहान : लोह कमी, नाही तर थॅलेसेमिया. फेरिटिन तपासून लोहाचा साठा कळतो. लोह खरेच कमी असेल तर ते का कमी झाले हेही विचारावे. तरुण बाईच्या बाबतीत उत्तर बहुधा पाळीत सापडते. पण पन्नाशीच्या पुरुषाचे लोह विनाकारण कमी होत नाही. मूळव्याध, अल्सर, सांधेदुखीच्या गोळ्यांनी पोटात होणारा रक्तस्राव, किंवा आतड्याचा कर्करोग, यांपैकी काही असू शकते. अशा वेळी टॉनिक घेऊन बरे वाटणे हेच धोक्याचे, कारण त्याने निदान लांबते.

एमसीव्ही १०० च्या वर, म्हणजे पेशी मोठ्या : फोलेट किंवा बी-१२ कमी असण्याची शक्यता. दोन्ही तपासल्याशिवाय नुसते फोलिक आम्ल सुरू करू नये. गरोदरपणाची गोष्ट वेगळी. ती गोळी डॉक्टर सांगतील तशी घ्यावीच. दारू आणि थायरॉइडचे विकारही पेशी मोठ्या करतात.

पेशी बेताच्या आकाराच्या, तरी रक्त कमी : मूत्रपिंडाचा विकार, क्षय, संधिवात असे जुने दुखणे मागे असू शकते. आणि लोह व बी-१२ दोन्ही कमी असतील, तर एक पेशी लहान करते, दुसरे मोठी, आणि सरासरी साळसूद दिसते. शाकाहारी घरांत हे विसरू नये.

लोह घ्यायचे ठरले, तर जेवणाबरोबर चहा नको, लिंबू हवे. आणि गोळ्यांची बाटली लहान मुलांच्या हाताला लागेल अशी कधीही ठेवू नये. रंगीत, गोड आवरणाच्या या गोळ्या मुठीने खाल्ल्या, तर मुलाच्या जिवावर बेतते.

परळच्या प्रयोगशाळेत त्या बाईंनी जे केले, त्याचे सार एवढेच की सगळ्यांना एकच औषध देण्याआधी त्यांनी रक्त नीट पाहिले आणि ताटात काय आहे ते विचारले. ते करायला त्यांना वर्षे लागली. आपल्याला नईमच्या केंद्रात एक सकाळ पुरते. यापुढे कोणी ‘रक्त कमी आहे’ म्हटले, तर ‘कशामुळे?’ असे जरूर विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत टॉनिकची बाटली उघडू नये, अशी सर्व कुटुंबांना आमची विनंती आहे.

— संपादक मंडळ